विमलवहिनीचं पडीक

वहिनी, तुझ्या तेरवीला धाकट्या दिरानं, विलासनं, जो बॅनर लावला, त्यावर तुझ्या फोटोशेजारी वाघ होता. जबडा फाडलेला, पिवळाजर्द, आणि मागे कुठल्या तरी परक्या देशातला बर्फाचा डोंगर. खाली मोठ्या अक्षरांत 'निसर्गकन्या विमलताई'. तू जन्मात वाघ पाहिला नाहीस. परतवाड्याच्या पुढे मेळघाटात वाघ आहेत म्हणतात, पण परतवाड्याच्या एका लग्नाला निघालीस तेव्हा जीपमध्ये तुला ओकाऱ्या सुरू झाल्या आणि अंजनगावाहूनच तू परत फिरलीस. तुझा संबंध आला तो रोही, डुकरं, ससे आणि तितरांशी. ते बॅनरवर शोभले नसते. तो वाघ पाहून मला हसू यायला हवं होतं, पण मळमळलं, आणि तेव्हापासून ते मळमळणं काही जात नाही.

माझा स्वभाव तुला माहीत आहे. मला घाण सहन होत नाही. शाळेत पोरींना शिवण शिकवत आयुष्य गेलं, तिथंही आधी हात धुवायला लावायचे आणि मग सुई. तू अकोल्याला माझ्याकडे आलीस की दारात चप्पल, मोरीत पाय, मग पुन्हा पाय, आणि मग पायपुसणं. "बाई, आता कातडं निंघन," असं म्हणायचीस आणि तरी धुवायचीस. मी तुझ्याहून लहान, पण नणंद पडले, म्हणून तू मला शेवटपर्यंत 'बाई, तुमी' म्हणत राहिलीस. मी मात्र पहिल्या दिवसापासून तुला अगंतुगं केलं. तू घरात आलीस तेव्हा मी परकराच्या वयाची होते आणि तुझ्या पितळी डब्याला हात लावते म्हणून आईचा मार खाल्ला होता. तो डबा तू दुसऱ्याच दिवशी मला देऊन टाकलास.

दादा गेल्यावर नाल्याकाठचा तो तुकडा तू पेरलाच नाहीस. आम्हाला वाटलं, एकट्या बाईच्यानं होत नसेल. तशी ती जमीन चोपणच. आपल्या दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यातली, पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात वर पांढरी खपली. दादा हयात होता तोवर त्यातूनही चार पायल्या काढायचा. तू काढेनास. पहिल्या वर्षी तिथं नुसतं कुसळी गवत आणि टाकळा माजला. मग बाभळी उठल्या, हिवर आला, बोरीची जाळी झाली. गाव म्हणायला लागलं, विमलबाईचं पडीक. हे नाव शिवीसारखंच घेतलं जायचं, आणि मला ते ऐकून लाज वाटायची. कुणब्याच्या घरची जमीन पडीक राहिली की घरातल्या माणसांकडे लोक कसं बघतात ते तू जाणत होतीस. तुला त्याचं काहीच कसं वाटत नव्हतं, यावर आपली पहिली भांडणं झाली.

मग माघ सरता सरता, आजूबाजूचा हरभरा निघून वावरं उघडी पडली की तुझ्या पडिकात एकेक जण उतरायला लागला. आधी टिटव्या. मग तितर, ससे, दिवसाढवळ्या फिरणारा एक लंगडा कोल्हा. एका वर्षी डुकरांचं खटलं आलं आणि नाल्याकाठी लोळून लोळून सगळा चिखल केला. आणि मग रोही आले. पुस्तकात ज्याला नीलगाय म्हणतात तो आपला रोही, घोड्याएवढा, निळसर, मूर्ख चेहऱ्याचा. मी तुला विचारलं होतं की हे सगळं तू कशासाठी जमवते आहेस. तू म्हणालीस, "मी कायले जमवू? जागा रिकामी दिसली, आले. मी काई बलावनं नाई धाडलं." आणि आत जाऊन चहा ठेवलास.

रोह्याची एक खोड आहे, ती मला तुझ्यामुळे कळली आणि कळली नसती तर बरं झालं असतं. रोही हिंडतो कुठंही, पण हागायला एकाच ठरलेल्या जागी येतो. रोज येतो, पिढ्यान्पिढ्या येतो, आणि तिथं लेंड्यांचा ढीग साचत जातो. दर वर्षी होळीच्या सुमाराला मी यायचे आणि तू माझा हात धरून तो ढीग दाखवायला न्यायचीस. एखाद्याने खळ्यावरची रास दाखवावी तशी. यंदा वाढला बघा. हे ताजं, हे कालचं. हे लहान आहे, म्हणजे पिल्लू झालं कोणाला तरी. वाकून, बोटानं दाखवत. मी पदर नाकाला लावून लांब उभी. वाऱ्यावर तो आंबूस, उबट वास आला की मी आणखी दोन पावलं मागे. आणि तू तशीच साडीला हात पुसून मला म्हणायचीस की चला, भाकरी टाकते.

त्यावरून आपलं जे भांडण झालं ते मला अजून पाठ आहे. होळी जवळ आलेली, तू अंगणात होळीसाठी शेणाच्या चाकोल्या थापत बसली होतीस आणि मीही बसले होते तुझ्यासोबत, बोटानं मधोमध भोक पाडत, माळेत ओवायला. तू माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालीस, "बाई, गाईचं शेन चालते, तं रोह्यानं काय पाप केलं?" मी म्हणाले, गाय वेगळी. तू विचारलंस, कशी वेगळी. मी म्हणाले, गाय आपली. तू नुसती हसलीस, आणि त्या हसण्याचा मला इतका राग आला की अर्ध्या चाकोल्या तशाच टाकून मी हात धुवायला उठले. साबणानं, दोनदा. तेव्हा तू बोललीस, पाठमोरी, माझ्याकडे न बघता. "जिथं घान नाई तिथं कोनी राहातच नाई, बाई. तुमचं अकोल्याचं घर पाहा."

माझ्या घरात मी एकटी राहते. ते वाक्य मला फार लागलं. तुलाही ते लागलं असावं, कारण रात्री जेवताना माझ्या ताटात तू न मागता दुसऱ्यांदा लोणचं वाढलंस.

पण हे बोलायचा अधिकार तुला होता. माझं ऑपरेशन झालं तेव्हा दवाखान्यात तू खाटेखाली चादर टाकून झोपलीस. पोटाला टाके, नळ्या लावलेल्या, अंथरुणातच सगळं. माझ्या जन्माची शिक्षाच ती. नर्स यायला वेळ लावायची आणि तू उठून भांडं द्यायचीस, भांडं न्यायचीस, मला पुसायचीस, चादर बदलायचीस. नाक मुरडलं नाहीस, तोंडही फिरवलं नाहीस. मी भिंतीकडे तोंड करून पडायचे. तुला वाटायचं दुखतंय. मला स्वतःची शिसारी यायची. एकदा मी रडले तेव्हा तू म्हणालीस, "अंग हाय बाई. अंगातून निंघनच." तेवढंच, आणि भांडं घेऊन गेलीस. मी तुला त्याबद्दल कधी काही म्हटलं नाही. घरच्या माणसाला आभार मानायची आपल्यात रीत नाही, आणि रीत नाही हे किती सोयीचं असतं.

गेल्या होळीला आपण हिवराखाली खाट टाकून बसलो होतो. ऊन उतरलं होतं. बाभळीच्या शेंगा पडत होत्या आणि दोन रोह्या त्या वेचत होत्या, एकीमागे पिल्लू, त्याच्या पाठीवर माश्या घोंगावत. पिल्लाच्या नाकातून शेंबूड लोंबत होता. मी तसं म्हटलं. तू म्हणालीस, लेकरू आहे. मग अचानक म्हणालीस, "बाई, मी गेल्यावर एवढं करा. ह्या तुकड्याले कोनाले हात लावू देऊ नोका." मला तुझं 'मी गेल्यावर' ऐकायचं नव्हतं. मी फटकन म्हणाले की तू गेल्यावर मी पहिलं काम तेच करीन, माणसं लावून सगळं साफ करीन, जाळून टाकीन. तू माझ्याकडे पाहिलंस. रागानं नाही. तपासून बघावं तसं. नंतर तो विषय तू पुन्हा काढला नाहीस आणि मीही काढला नाही. हो किंवा नाही असं उत्तर मी तुला दिलंच नाही, वहिनी, आणि पुढची होळी यायच्या आत तू गेलीस.

आपल्याकडे माणसाला त्याच्याच वावरात जाळतात. दादाचा चौथरा पडिकाच्या कडेला, तुझी चिता त्याच्याशेजारी. विलासनं अग्नी दिला. तुझ्या मांडीवर वाढलेला पोरगा तो. आई गेली तेव्हा तू त्याला पोटाशी घेतलंस आणि स्वतःचं मूल नाही याचं दुःख त्याच्यापुढे कधी काढलं नाहीस. अमरावतीला प्लॉटांचा धंदा करतो, गळ्यात साखळी, दारात गाडी, आणि चितेपुढे लहान मुलासारखा ओरडून रडला. ते रडणं खरं होतं. पुढचं सगळं त्या रडण्यातूनच झालं, म्हणून मला त्याच्यावर धड रागावताही येत नाही.

अस्थी पूर्णेत सोडून मी कपड्यांसाठी अकोल्याला गेले. तेरवीच्या आदल्या दिवशी जीपमधून फाट्यावर उतरले आणि वास आला. गवत जळाल्याचा, आणि त्यात आणखी काहीतरी, केस जळाल्यासारखं. मी चालत आले तर पडीक नव्हतंच. काळं पटांगण होतं. बोरीची जाळी नाही, कुसळी नाही, गवताची काडी नाही. बाभळींचे बुंधे कमरेपर्यंत काळे आणि वर शेंगा तशाच लोंबत होत्या. एका कोपऱ्यात ट्रॅक्टरनं जमीन सपाट करून वर मंडपाचे खांब रोवले होते. धुऱ्याला, वावराच्या बांधावर, जिथं तितर बसायचे, तिथं मला अंडी दिसली. तडकलेली, आतलं पांढरं शिजून बाहेर आलेलं, त्यावर मुंग्या. मी तिथंच बाजूला जाऊन ओकले.

विलास धावत आला. त्याला वाटलं प्रवासानं झालं. पाणी दिलं, पाठ चोळली, आणि मग मोठ्या अभिमानानं चहूकडे हात फिरवला.

"पाह्य ताई, कसं लखलखीत केलं. तूच म्हनत होती ना, साफ करा म्हनून. वहिनीच्या निमित्तानं झालं."

मी म्हणाले, तिनं ते मुद्दाम ठेवलं होतं. त्यावर विलास जे बोलला ते मी तुला सांगायलाच हवं. त्याचा चेहरा उतरला आणि तो म्हणाला, "ठेवलं नोतं ताई. होत नोतं तिच्यानं. एकटी बाई, अन् आमी कोनी लक्ष नाई देल्लं. आता तरी तिच्या नावानं चांगलं करू दे मले."

म्हणजे तुझं पडीक या पोराला आजवर आपली चूक वाटत होतं. तू थकलीस, तुला मदत मिळाली नाही, म्हणून तिथं रान माजलं. मायेपोटी, पश्चात्तापापोटी त्यानं तुझी सगळ्यात आवडती जागा जाळली, तीही तुला आवडते म्हणूनच. "वहिनीले हेच ठिकान आवडे, मंग लोक इथंच आले पाह्यजे," असं तो सगळ्यांना सांगत होता. काडी लावणारा गजानन, तुझं बाकीचं वावर बटईनं, अर्ध्या वाट्यानं करणारा, खाली मान घालून पत्रावळी मोजत होता.

तेरवी झाली. आलूवांग्याची भाजी, वरण, पोळ्या, बुंदी. कोणाच्या तरी ओळखीचा एक पुढारी आला, गाडी सुरूच ठेवून, आणि पर्यावरणावर बोलला. राखेतून चालल्यानं त्याच्या पांढऱ्या पायजम्याच्या कडा काळ्या झाल्या म्हणून त्याचा माणूस रुमालानं त्या झटकत होता. अमरावतीहून आलेल्या बायका म्हणाल्या, इथं किती शांत वाटतं. शांत वाटेल नाही तर काय, आवाज करणारी सगळी जळून गेली होती. जेवून लोकांनी नाल्याशी हात धुतले, तिथंच चुळा भरल्या, पानाच्या पिचकाऱ्या काळ्या बुंध्यांवर मारल्या. पत्रावळी, प्लास्टिकचे ग्लास, उष्टा भात, सगळं नाल्यात. शी. आयुष्यभर मी घाणीला घाण म्हणत आले, पण खरी घाण त्या दिवशी कळली. धुतलेल्या कपड्यातली, अत्तर लावलेली, डोळ्याला रुमाल लावलेली माणसं आणि त्यांच्या मागे राहिलेलं ते सगळं.

लोक गेले. मी राहिले. विलासला सांगितलं, नाला साफ करून येते. नाल्यात उतरून, हातात पिशवी घेऊन मी एकेक ग्लास वेचला. आणि तू ज्याची प्रत्येक फाल्गुनात वाट पाहायचीस ते परतणं मी पाहिलं, असं पाहिलं की तुला सांगायला लाज वाटते. आधी आली गावातली कुत्री, उष्ट्यावर. मग कावळे. मग गटारातली काळी डुकरं, पिल्लांसकट. तुझ्या निसर्गात इतकेच उरले होते, आणि बॅनरवरचा तो वाघ, ज्याचा अर्धा भाग वाऱ्यानं फाटून बाभळीला फडफडत होता. तो मी उतरवला आणि चुलीत घातला. त्या प्लास्टिकचा धूरही घाणच होता.

उष्टं संपलं तशी कुत्री गेली. नंतर बरेच दिवस काहीच नव्हतं. मी पडिकाशेजारच्या तुझ्या खोपडीत, त्या कुडाच्या झोपडीत राहत होते, साडीच्या काठांना काजळी, दिवसातून तीनदा आंघोळ, आणि नुसता काळा तुकडा पाहत बसायचे. अकोल्याला जायचं की नाही ते मलाच कळत नव्हतं. निंबाला पालवी फुटली, पलीकडच्या धुऱ्यावर एक पळस पेटला, आणि एका सकाळी टिटवी ओरडली. अशी ओरडली, जणू मीच काही चोरलं आहे. मग नाल्याच्या ओलीला, काळ्यातून, पोपटी कोंब दिसले. ससा आला. तो कुठून आला ते दिसलं नाही. आधी नव्हता, मग बसलेला होता. आणि मग एका संध्याकाळी रोही आला. मोठा नर. कडेला उभा राहून त्यानं जळलेली जमीन हुंगली, शिंकला, पुन्हा हुंगली. बराच वेळ विचार करून चालत आला, थेट आपल्या ठरलेल्या जागी, जिथं आता ढीगही नव्हता आणि खूणही नव्हती, आणि तिथं शेपटी उचलली.

मी खाटेवर बसून म्हणाले, शी. आणि वहिनी, मला बरं वाटलं. ते बरं वाटणं इतकं अचानक आलं की मी उगीच उठून हातपाय धुतले.

हे सगळं गोड नाही. तुला सगळं गोड दिसायचं. गजानन एकदा माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "तुमची वहिनी पुन्य करे बाई, अन् त्याचा खर्च माह्या हरबऱ्यातून निंघे." तू धुऱ्याच्या कडेनं रोह्यांसाठी ज्वारीचा पट्टा टाकायचीस. गजाननाचं म्हणणं, ते ज्वारीही खायचे आणि वर हरभराही. यात तो खोटं बोलत नव्हता. माणसाचं पीक जात असेल तर त्यानं तुझ्या रोह्यांच्या आरत्या का ओवाळाव्यात? मी त्याला म्हटलं, तुझ्या धुऱ्याला विजेच्या झटक्याची तार लाव, मी हरकत घेणार नाही. तो म्हणाला, तशी लावणारच होतो. जाताना म्हणाला की विमलबाई बसायची तिथं खाली विंचू असतात, पाहून बसा.

मग विलासचा फोन आला. त्याचं सगळं ठरलं होतं. तुझ्या आणि दादाच्या जागी संगमरवरी समाधी, भोवती पेव्हर ब्लॉक, हिरवळ, नर्सरीतून आणलेली शोभेची झाडं रांगेत, सगळ्याला तारेचं कुंपण, आणि दारावर कमान. 'विमलवहिनी स्मृतिवन'. मी फोन कानाला धरून बाहेर पाहत होते. वन जाळून वन लावायचं. मी म्हणाले, विलास, मला विचार करू दे. तो म्हणाला, विचार कायचा, रविवारी जेसीबी घेऊन येतो. तुझ्या मागे वावर आम्हा दोघा बहीणभावांचं झालं आहे, तेव्हा माझ्या होकाराशिवाय त्याला काही करता येत नाही. पण त्यानं विचारलंच नव्हतं. माझा होकार त्यानं कितीतरी वर्षांपूर्वीच, मी पडिकाला नावं ठेवायचे तेव्हाच, गृहीत धरला होता.

रविवारी जेसीबी आला. पिवळा, धुरकट, धुऱ्याशी थांबून घरघरत राहिला. विलास पांढऱ्या शर्टात उतरला, माझ्या पाया पडला, आणि मला हाताला धरून जागा दाखवायला घेऊन गेला. इथं पायऱ्या, इथं बाक. मी त्याला सांगत होते की थांब, ऐक, यातलं काही तिला नको होतं. तो ऐकत नव्हता. मग आम्ही दोघंही थांबलो, कारण तुझ्या राखेत कोणीतरी होतं.

तुझी चिता होती तिथं अजून राखेचा मऊ थर आहे. अस्थी गेल्या, फुलं वाळून उडाली, राख राहिली. त्यात दोन तितर लोळत होते. उताणे, कुशीवर, पंख पसरून, पायांनी राख अंगावर उडवत, मध्येच उठून अंग झाडत आणि पुन्हा त्यात शिरत. राखेचा धुरळा उडत होता आणि त्यांच्या पिसांवर बसत होता. तुझा धुरळा, वहिनी. इतकं किळसवाणं मी जन्मात पाहिलं नाही. लेंड्या नाहीत, शेंबूड नाही, तेरवीचं उष्टं नाही, काहीच नाही त्यापुढे.

विलासच्या तोंडातून शिवी गेली. त्यानं खाली वाकून ढेकूळ उचललं, हात मागे नेला, आणि मी त्याचं मनगट धरलं. कसं धरलं मला माहीत नाही. त्याचा हात माझ्या हाताहून दुप्पट आहे.

"ताई, सोड. वहिनीची राख हाय थे. तुले चालते हे?"

"मले नाई चालत," मी म्हणाले. "तिले चालते."

तितर लोळतच होते. ढेकूळ त्यानं फेकलं नाही, हळूच खाली सोडलं, आणि हात पँटला पुसला. ड्रायव्हरला खुणेनंच सांगितलं की फिरव. जाताना तो पाया पडला नाही. त्यानंतर त्याचा फोन नाही. मी केला तर उचलत नाही. तुझ्या विलासला मी घालवून बसले आहे, आणि तो परत कधी येईल, येईल की नाही, ते मला कळत नाही. तुकडा आहे तसा आहे. कुंपण नाही, कमान नाही. मी अजून इथंच आहे, आणि त्या राखेशेजारून आले की अजून दोनदा हात धुतेच.

पण त्याला मी जे सांगितलं ते तुला न विचारता सांगितलं. तुझ्या वतीनं, तू समोर नसताना, भावाला तोडून. वहिनी, चालते ना तुले?